उतूचा हात कोणी सोडला

उमरी तालुक्यातल्या एका लहानशा गावी, जिल्हा परिषदेच्या शाळेत, धम्मानंद हनमंते तिसरीचा वर्ग शिकवायचा. त्याच्या वर्गाचा कायदा साऱ्या गावाला ठाऊक होता. वर्गात काही फुटलं, सांडलं, कुणाची वही गेली, की गुरुजी खुर्ची सोडून खाली लेकरांमध्ये मांडी घालून बसायचे आणि म्हणायचे, "ज्यानं केलं त्यानं सांगायचं. खरं सांगणाऱ्याला मी मारत न्हाई, रागावत बी न्हाई." मग एखादं लेकरू बोटं मुरगाळत उभं राहायचं.

गावकरी म्हणायचे, "हनमंते गुरुजींच्या हाताखालचं लेकरू खोटं बोलत न्हाई." हे कानावर आलं की धम्मानंद मान खाली घालायचा. लोकांना वाटायचं, माणूस भिडस्त आहे, स्तुती सोसत नाही त्याला. खरं कारण घरात दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि त्याच्या थोरल्या लेकीला. आणि त्या लेकीच्या मनातूनही ते हळूहळू पुसलं गेलं होतं.

घर उमरीत, स्टेशनच्या रस्त्याला. घरात आई धुरपताबाई, बायको मनिषा आणि दोन मुली. मनिषा आरोग्य केंद्रात नर्स. थोरली विशाखा, धाकटी उत्पला. नजर हटली की दुधासारखी भांड्याबाहेर जाते म्हणून मनिषा तिला उतू म्हणायला लागली आणि तेच नाव चिकटलं.

ही गोष्ट घडली तेव्हा विशाखा सात वर्षांची होती, उतू तीनची. दिवाळी नुकतीच झालेली. मनिषाला लातूरला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण लागलं. उतूला सोडून ती पहिल्यांदाच एवढे दिवस बाहेर राहणार होती. धुरपताबाईंचे गुडघे तेव्हाच धरलेले, त्यामुळं सगळं धम्मानंदवर येणार होतं.

"जमंल ना तुम्हाला?" बसच्या खिडकीतून मनिषानं तीनदा विचारलं.

"चाळीस लेकरं सांभाळतो मी रोज," तो म्हणाला. "ह्या तर दोनच हायेत."

पहिल्या दिवशी विशाखाच्या दोन वेण्या घालायला त्याला पाऊण तास लागला. एक वेणी कानाच्या वर आली, दुसरी मानेवर. ती आरशात बघून म्हणाली, "पप्पा, तीन पेड घ्यायचे असतेत. तुमी दोनच घेऊन पिळून राहिलात." तिनं रिबिनीवर त्याला वेणी शिकवली. चौथ्या दिवशी वेण्या सरळ आल्या, तेव्हा शाळेत जाऊन ती बाईंना सांगून आली, आज माझ्या पप्पांनी घातल्यात. उतूच्या खिचडीतला शेंगदाणा न् शेंगदाणा वेचून काढावा लागायचा. पाण्याचा पेला लालच लागायचा. आणि डोक्यावरून पाणी घेतलं की ती अख्खी गल्ली गोळा करायची. धम्मानंद हे सगळं शिकला. मधल्या सुट्टीत तो बाकीच्या मास्तरांना सांगायचा, लेकरं सांभाळणं काही लई अवघड न्हाई, बायका उगं बाऊ करतेत. हे वाक्य त्याला पुढं फार वेळा आठवलं.

दुसऱ्या रविवारी त्यानं दोघींना नांदेडला नेलं. विशाखाला शाळेचे बूट घ्यायचे होते. दुकानात उतूला चालताना पीं-पीं वाजणारे लाल बूट दिसले आणि तिनं तिथंच जमिनीवर बसकण मारली. घ्यावेच लागले. दुकानापासून स्टेशनपर्यंत ती वाजत आली. रस्त्यावरची माणसं वळून बघायची, की ती आणखी जोरात पाय आपटायची.

परतीच्या पॅसेंजरला मुदखेडला क्रॉसिंग लागलं. डब्यात दाटी, उतूची कुरकुर. धम्मानंद दोघींना घेऊन फलाटावर उतरला. रिकामी बाटली त्यानं विशाखाच्या हातात दिली. "त्या नळावर भरून आण. मी इथंच हाय हिला घेऊन." नळावर रांग होती. विशाखा रांगेत उभी राहिली आणि इकडं धम्मानंदच्या पाठीवर कुणाची तरी थाप पडली.

उमाशंकर होता. डी.एड.ला दोघं एका बाकावर बसायचे. उमाशंकर मूळचा मुरुडचा, लातूर जिल्ह्यातला. नोकरी मात्र नांदेड जिल्ह्यात लागली होती, आणि सहा वर्षांपासून तो आपल्या जिल्ह्यात बदली मागत होता. त्या दिवशी त्याच्या खिशात बदल्यांची यादी होती.

"बघ, माझं नाव हाय का ह्याच्यात! बघून बघून डोळे फुटायची वेळ आली माझी."

पानं वाऱ्यानं फडफडत होती. धरायला दोन्ही हात लागत होते. धम्मानंदनं उतूचा हात सोडला. पायाशीच तर आहे, असं त्याला वाटलं. बोट एकेका नावावरून खाली सरकत गेलं. चौथ्या पानावर नाव सापडलं. दोघं मोठ्यानं हसले. मग आता कुठली शाळा मिळंल, मुरुडहून रोज जाता येईल का, म्हाताऱ्या आईबापाला किती बरं वाटंल, अशा गोष्टी निघाल्या. पीं-पीं कधी थांबली हे धम्मानंदला कळलं नाही.

विशाखा भरलेली बाटली घेऊन परत आली आणि तिनं विचारलं, "पप्पा, उतू कुठं हाय?"

पुढची वीस मिनिटं त्याला कुणालाच कधी नीट सांगता आली नाहीत. बाकांखाली बघितलं, डब्यात बघितलं, पुलाच्या पायऱ्या चढून उतरून आला. पलीकडच्या रुळावरून एक गाडी धडधडत आली आणि गेली. त्याची स्वतःची गाडीही सुटली. तो ओरडत होता, पण तोंडातून लेकीचं नाव येत नव्हतं, नुसता "ए... ए..." असा आवाज येत होता. विशाखा बाटली छातीशी धरून त्याच्या मागं पळत होती.

फलाटाच्या पार टोकाला, छप्पर संपतं तिथं, सीताफळं विकणारी एक बाई बसली होती. लोक तिला गुरम्मा म्हणत होते. उतू तिच्या मांडीवर होती. तोंडाला सीताफळाचा गर, गुडघा फुटलेला, एका पायात लाल बूट, दुसरा पाय उघडा.

"तुझी का रे ही?" गुरम्मा तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाली. "खाली पटरीत उतरली होती. मी टोपली टाकून धावली. उचलली, अन् मागनं गाडी आली. अय्यो, कसला बाप रे तू? लाज हाय का न्हाई तुला?"

भोवती माणसं जमली होती. धम्मानंद गुरम्माच्या पाया पडला आणि सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडला. उमाशंकर त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. पुढची गाडी येईपर्यंत धम्मानंद उतूला कवटाळून बाकावर बसून होता, आणि विशाखा शेजारी, त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरून.

इथवर झाली ती चूक. तिची लाज वाटतेच, पण माणूस ती कधी ना कधी पचवतो. जिची लाज नऊ वर्षं त्याच्या मानेवर बसून राहिली, ती गोष्ट घरी पोचल्यावर घडली.

धुरपताबाई दारातच होत्या. शेजारची कस्तुराबाईही ओट्यावर गप्पा मारत बसलेली. "काय झालं रे लेकराला? बूट कुठं हाय? गुडघा कशानं फुटला?"

धम्मानंदनं तोंड उघडलं. खोटं बोलायचं असं काही त्यानं ठरवलं नव्हतं. पण कानात गुरम्माचे शब्द होते, ओट्यावर कस्तुराबाई होती, आणि बसच्या खिडकीत तीनदा विचारणारी मनिषा डोळ्यापुढं होती. तोंडातून निघालं ते असं :

"विशाखाच्या हातात दिली होती. हिनं हात सोडला."

विशाखा त्याला लागूनच उभी होती. तिनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. गणित चुकलं की लेकरं फळ्याकडं बघतात, आपलंच काही चुकलं असणार म्हणून, तसं ते बघणं होतं. धुरपताबाईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला. "थोरली ना तू? एवढं बी जमंना व्हय तुला?"

विशाखा रडली नाही. म्हणाली, "पुन्हा न्हाई सोडणार."

तेव्हा बोलता आलं असतं. दुसऱ्या दिवशी फोनवर मनिषाशी बोलता आलं असतं. ती परत आली, विशाखाला पुढ्यात घेतलं आणि म्हणाली, "माझी शपथ घे, उतूचा हात कधी सोडायचा न्हाई," तेव्हा तो तिथंच चहा पीत बसला होता. तेव्हाही बोलता आलं असतं. त्याला वाटलं, चार दिवसांत लेकरं विसरतील.

पण ती गोष्ट कुणी विसरलं नाही. उलट घराची गोष्ट होऊन बसली. लग्नात, बारशात, पाहुणे आले की कुणी तरी काढायचंच : "ही थोरली, हिनंच मुदखेडला बहिणीला हरवलं होतं!" सगळे हसायचे. धम्मानंदची बहीण धर्माबादला दिलेली, ती तर विशाखा दिसली की पहिलं हेच म्हणायची. विशाखाही हसायची. आणि हसता हसता तिचा हात उतूच्या मनगटावर जायचा.

त्या हाताची पकड धम्मानंद बघत आला. बाजारात, जत्रेत, रस्ता ओलांडताना ती उतूचं मनगट इतकं घट्ट धरायची, की तिथं लाल वळ उठायचे. मधल्या सुट्टीत आपला डबा टाकून आधी धाकटीचा वर्ग गाठायची. पाचवीत शाळेची सहल निघाली, ही गेली नाही. उतूला घेत नाहीत ना, म्हणाली. मनिषा कौतुकानं सांगायची, "माझी थोरली म्हणजे उतूची दुसरी आईच हाय." धम्मानंद तिथून उठून जायचा.

आणि उतू? ती मोठी होत गेली तशी तिला हे हत्यार सापडलं. भांडण हरायला लागली की म्हणायची, "तू मला बोलू नको. तूच मला रुळावर सोडलं होतंस!" एवढं म्हटलं की विशाखा गप्प व्हायची. हातात जे असेल, खडू, रिमोट, सायकल, ते उतूला देऊन टाकायची.

पौर्णिमेला सगळे विहारात जायचे. पंचशील म्हणताना चौथं शील यायचं, खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं. तिथं धम्मानंदचा आवाज आपोआप खाली जायचा. शेजारी विशाखाचा आवाज मात्र खणखणीत. शाळेत लेकरांमध्ये मांडी घालून बसलं, की ते नेहमीचं वाक्य म्हणणं त्याला नकोसं व्हायचं. तरी तो म्हणायचा. न म्हणायला कारण काय सांगणार?

एकदा त्यानं हिय्या केला होता. विशाखा दहा वर्षांची असेल. दोघं गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते. तो म्हणाला, "विशाखा, त्या दिवशी मुदखेडला..."

विशाखानं मिरच्या खाली ठेवल्या, मान खाली घातली आणि म्हणाली, "सॉरी पप्पा."

तो खाली उतरून आला. पुन्हा कधी त्यानं विषय काढला नाही.

विशाखा दहावीला तालुक्यात दुसरी आली. पेढे वाटून झाले. सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं, की पोरगी आता लातूरला जाणार. अकरावी-बारावी तिथं, नीटचे क्लास तिथं. मनिषाच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी वसतिगृहसुद्धा बघून ठेवलं. आणि विशाखा म्हणाली, "मी जाणार न्हाई. इथंच उमरीत शिकते."

आठ दिवस समजावणं चाललं. मनिषा रागावली, मग रडली. धुरपताबाई म्हणाल्या, "अगं डॉक्टर झालीस तर माझे गुडघे तरी बघशील." विशाखा ढिम्म. शेवटी एका दुपारी, जेवणं होऊन सगळे घरात बसलेले असताना, मनिषानं तिचे दोन्ही खांदे धरले. "कारण सांग. मला कारण पाहिजे."

विशाखा उतूकडं बघत म्हणाली, "उतू बारा वर्षांची हाय. तिला शाळेत कोण नेणार, क्लासवरून कोण आणणार? मी एकदा हात सोडला होता, मम्मी. पुन्हा सोडणार न्हाई. मी शपथ घेतलीय."

धम्मानंद भिंतीला टेकून पेपर वाचत होता. त्यानं पेपर खाली ठेवला. चष्मा काढला.

"तू न्हाई सोडला," तो म्हणाला. "मी सोडला. तू नळावर होतीस. मी तुलाच पाणी आणायला पाठवलं होतं, अन् उतू माझ्याजवळ होती. घरी येऊन मी खोटं बोललो."

त्याला वाटलं, आता आभाळ कोसळेल. पण मनिषानं एक सुस्कारा टाकला आणि त्याच्याकडं बघून ती चक्क हळवं हसली.

"पोरीनं जावं म्हणून आता स्वतःवर घेऊन राहिलात का?"

"अगं न्हाई, खरंच..."

"पप्पा," विशाखा समजुतीच्या सुरात म्हणाली, जणू तीच मोठी आणि तो लहान. "माझ्यासाठी खोटं नका बोलू. मला सगळं आठवतं. तिचा हात माझ्या हातात होता. घामेजलेला होता, निसटत होता. मला बाटलीचं झाकण लावायचं होतं म्हणून मी सोडला. मला दिसतं अजून."

नऊ वर्षं धम्मानंदला वाटत होतं, पोरगी खरं जाणून गप्प बसलीय, बापाची अब्रू राखतेय; गच्चीवरचं ते सॉरीही त्यासाठीच. तिच्या त्या गप्प बसण्याचीच त्याला लाज वाटायची. आणि इथं तिच्याजवळ खरं उरलंच नव्हतं. त्याच्या एका वाक्याभोवती सात वर्षांच्या लेकरानं घाम, झाकण, निसटणारी बोटं, सगळं स्वतः रचून घेतलं होतं आणि त्यात ती राहत होती. वर आता त्याचं खरं बोलणं हा बापाचा मोठेपणा ठरत होता. धुरपताबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "बाप असावा तर असा."

ते मात्र त्याला सोसलं नाही. त्यानं खिशातून मोबाईल काढला, उमाशंकरला लावला आणि स्पीकर चालू करून चटईवर मधोमध ठेवला.

"काय गुरुजी! लई दिवसांनी!" मुरुडहून उमाशंकरचा मोकळा आवाज आला.

"उमाशंकर, एक विचारायचं हाय. त्या दिवशी मुदखेडला उतू हरवली, तेव्हा विशाखा कुठं होती?"

"आज काय काढलंस मधूनच?" तो थोडा थांबला. "नळावर होती की ती. रांगेत. तिनंच तर येऊन विचारलं, उतू कुठं हाय म्हणून. आपण दोघं यादीत तोंड घालून बसलेले. तुझ्या हातात होती रे पोरगी, मीच तुझ्या हातात कागद कोंबले. मला अजून वाईट वाटतं बघ. ती सीताफळवाली नसती तर... माझ्या बायकोला बी मी कधी सांगितलं न्हाई हे. का रे, काय झालं?"

"काय न्हाई. नंतर बोलतो."

फोन बंद झाला. मनिषाचं हसू केव्हाच मावळलं होतं. विशाखा मोबाईलच्या काळ्या पडद्याकडं बघत होती. तिनं विचारलं, "मग मला घाम कसा आठवतो?"



पहिली रडली ती उतू. "मी तुला किती बोलले गं, ताई," म्हणत ती बहिणीच्या गळ्यात पडायला गेली. विशाखानं तिला जवळ घेतलं खरं, पण नुसते हात, लक्ष नव्हतं. धुरपताबाई भिंत धरून उठल्या, विशाखाजवळ आल्या आणि जिथं धपाटा घातला होता त्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. लेकाकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

मनिषा स्वयंपाकघरात गेली. धम्मानंद मागं गेला. ती ओट्याला टेकून उभी होती.

"तुम्ही हात सोडला त्याचं मी काय केलं असतं? दोन दिवस भांडले असते," ती म्हणाली. "पण शपथ मी घातली तिला. माझ्या तोंडानं. तुम्ही तिथंच बसला होता. माझ्याकडून करवून घेतलंत तुम्ही हे."

"चुकलं माझं."

"मला नका सांगू," ती म्हणाली आणि नळ सोडून भांडी घासायला लागली.

विशाखानं दुसऱ्या दिवशी सांगितलं, "मी लातूरला जाते." आनंदानं नाही, रागानंही नाही. या घरात राहायचं नाही, एवढंच त्या आवाजात होतं.

जून संपायच्या आत धम्मानंदनं एक काम केलं. ज्यानं ज्यानं ती गोष्ट सांगितली होती, ऐकली होती, त्याच्या घरी तो गेला. सुरुवात शेजारच्या कस्तुराबाईपासून. उन्हातान्हात, बसनं, कुणाच्या मोटारसायकलवर मागं बसून. दारात उभं राहून सांगायचा, "विशाखानं हात सोडला न्हवता. मी सोडला. मी खोटं बोललो होतो." कुणी म्हणालं, "जाऊ द्या गुरुजी, जुनी गोष्ट." कुणी म्हणालं, "एवढ्यासाठी आलात व्हय?" आणि हसलं. धर्माबादची बहीण हसली नाही. म्हणाली, "म्हंजे एवढी वर्षं मी त्या लेकराला हसले ते? अन् तू बाजूला बसून ऐकत होतास?" तिनं त्याला चहा विचारला नाही. परतताना बसमध्ये त्याला वाटलं, हीच एकटी आपल्याशी बरोबर वागली.

लातूरला गादी, बादली, पेटी त्यानंच उचलून वर नेली. वसतिगृहाच्या अर्जावर भेटायला येणाऱ्या पालकांची नावं लिहायची होती. विशाखानं एकट्या मनिषाचं नाव लिहिलं आणि अर्ज देऊन टाकला. हे त्याला पुढच्या महिन्यात कळलं, जेव्हा तो भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि धुतलेले कपडे घेऊन एकटाच गेला. दारावरच्या बाईंनी रजिस्टर चाळलं. "तुमचं नाव न्हाई सर यादीत. वडील हायेत ना तुम्ही? चुकून राहिलं असंल."

"चुकून न्हाई," तो म्हणाला. "बरोबर हाय ते." डबा बाईंकडं देऊन तो बसस्टँडला आला. क्लासच्या गल्लीतून पाठीवर दप्तरं घेतलेल्या शेकडो पोरी चालल्या होत्या, आणि कितीतरींच्या शेजारी त्यांचे बाप. तो खाली बघत चालला.

ऑगस्टमध्ये पुन्हा तसंच झालं. सप्टेंबरमध्ये तो डबा देऊन वळला आणि मागून आवाज आला, "पप्पा."

विशाखा फाटकाबाहेर आली होती. बारीक झाली होती. डोळ्यांना चष्मा लागला होता, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. समोरच्या चहाच्या टपरीवर एक बाकडं होतं. त्यावर दोघं बसले, मध्ये एका माणसाची जागा ठेवून.

"मला त्या दिवसाचं सगळं सांगा," ती म्हणाली. "बुटाच्या दुकानापासून. काहीच गाळू नका."

त्यानं सांगितलं. लाल बूट, पॅसेंजर, बाटली, नळ, यादीची फडफडणारी पानं. गुरम्मा त्याला काय म्हणाली ते. दारात धुरपताबाईंनी काय विचारलं आणि त्यानं काय उत्तर दिलं ते. तिनं वर मान करून कसं बघितलं तेही. गच्चीवर ती सॉरी म्हणाली आणि तो खाली उतरून गेला, तेही. विशाखानं मध्ये एकदाही टोकलं नाही.

"मला अजून बी माझंच दिसतं," ती म्हणाली. "तिचा हात, अन् मी सोडते. तुमी सांगितलेलं मला माहीत हाय, पण दिसत न्हाई."

"मी काय करू, विशाखा?"

"पुढच्या महिन्यात पुन्हा सांगा."

क्लासची वेळ झाली म्हणून ती उठून गेली.

तो ऑक्टोबरमध्ये गेला आणि त्यानं पुन्हा सांगितलं. नोव्हेंबरमध्येही. त्याच बाकड्यावर, पहिल्यापासून, काही न गाळता. चहावाला आता न विचारता दोन कप ठेवतो. विशाखा कधी वही उघडून बसते, कधी डोळे मिटून ऐकते. माफ केलं असं ती म्हणालेली नाही आणि त्यानंही विचारलेलं नाही. फलाटावर उमाशंकर भेटतो, पानं फडफडतात, आणि पुढचं वाक्य आलं की धम्मानंदचा आवाज दर वेळी खाली जातो. "मी तिचा हात सोडला," तो स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणतो.

"मोठ्यानं सांगा, पप्पा," विशाखा म्हणते.

आणि तो मोठ्यानं सांगतो.